वाडीचे गायरान आणि फ्रान्सचा एक डोंगरी जिल्हा



फ्रान्स म्हटले की पॅरिस शहर डोळ्यांपुढे येते. पण त्याच देशाच्या दक्षिणेकडे लोझेर नावाचा एक डोंगरी जिल्हा आहे. क्षेत्र ५,१६७ चौरस किलोमीटर आणि माणसे अवघी ७६-७७ हजार. फ्रान्सच्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात इतकी कमी वस्ती नाही. मेंढ्या, गाई, कुरणे आणि चेस्टनटची झाडे हीच इथली दौलत. या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो, तो कसा बदलत गेला आणि त्यात कुरणांचे काय झाले, हे आपण आज पाहू.

राज्यक्रांतीपूर्वी या मुलखाला जेव्होदां म्हणत. क्रांतीनंतर १७९० साली जुने प्रांत मोडून साऱ्या देशाचे ८३ जिल्हे केले गेले. जिल्ह्याच्या गावी घोड्यावरून एका दिवसात पोचता यावे, असा त्यामागे हेतू होता. नाव जुन्या सरदारांचे न देता तिथल्या लोझेर डोंगराचे दिले. जिल्ह्याचे ठाणे माँद की मार्व्हजोल, यावर ओढाताण होती. म्हणून सुरुवातीला दोघांनी पाळीपाळीने मान घ्यावा असे ठरले. शेवटी मान माँदकडेच राहिला.

१८०० साली नेपोलियनने प्रत्येक जिल्ह्यावर सरकारनियुक्त प्रीफेक्ट नेमला. आपल्याकडच्या कलेक्टरसारखा हा अधिकारी. त्याच्या हाताखाली विभागवार उपप्रीफेक्ट आले. त्यांना आपल्या प्रांतासारखे समजावे. लोझेरचे विभाग तीन होते: माँद, मार्व्हजोल आणि फ्लोराक. १९२६ साली सरकारने खर्च कमी करण्यासाठी देशभरातील अनेक विभाग रद्द केले, त्यात मार्व्हजोलचे ठाणे गेले. सुमारे दोन हजार वस्तीचे फ्लोराक मात्र टिकले. १९७० साली स्थापन झालेल्या सेव्हेन राष्ट्रीय उद्यानाची कचेरीही याच गावातल्या जुन्या गढीत आहे.

सर्वांत खालची पायरी कम्यूनची, म्हणजे गावाची. दर सहा वर्षांनी गावकरी सदस्य निवडतात आणि सदस्य आपल्यातून महापौर निवडतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेची इमारत, गावचे रस्ते ही कामे त्याच्याकडे. गाव शंभर माणसांचे असले तरी महापौर असतोच. जिल्ह्याच्या निवडून आलेल्या मंडळासाठी मतदारसंघ वेगळे आहेत, त्यांना कँटन म्हणतात. ते लोझेरमध्ये पूर्वी २५ होते, २०१५ पासून १३ झाले. प्रत्येकातून एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी निवडून येते.

आता मूळ अडचण पाहा. १८५१ साली या जिल्ह्यात सुमारे १ लाख ४४ हजार माणसे होती. आज निम्मी उरली. रेशीमकिड्यांवर रोग पडला. ज्या चेस्टनटच्या पिठावर गरिबाचे पोट भरे, त्या झाडांनाही रोग लागला. तरुण शहरांकडे गेले आणि पहिल्या महायुद्धात कितीतरी घरचे कर्ते पुरुष परतलेच नाहीत. माणसे घटली तशी लहान गावांना कारभाराचा खर्च पेलेना. गावे एकत्र आली तर काही वर्षे अनुदान कमी करणार नाही, असे आमिष २०१५ च्या कायद्याने दाखवले. १ जानेवारी २०१६ रोजी फ्लोराक आणि ला साल-प्र्युने ही गावे एक झाली. पाँ द माँव्हेर गावात शेजारची दोन गावे मिळाली. जिल्ह्यातील कम्यून १८५ होत्या, त्या दीडशेच्या घरात आल्या. जुन्या गावाला आपला उपमहापौर आणि कचेरी ठेवण्याची मुभा आहे, पण तिजोरी एकच.

मग गायरानाचे काय? या डोंगराळ मुलखात पुष्कळ कुरणे व राने कम्यूनची नसून एकेका वाडीची आहेत. १७९३ च्या कायद्यापासून वाडीच्या या सामाईक हक्काला मान्यता आहे. कारभार कम्यूनचे मंडळ पाहते, पण कुरण देताना पहिला हक्क ज्याचे घर, गोठा आणि शेती त्याच वाडीत आहे त्याचा. गावाचे नाव बदलले, गावे एक झाली, तरी केवळ तेवढ्याने वाडीचा हक्क बुडत नाही.

मात्र हा हक्क आपोआप टिकत नाही. वाडीत हक्कदार उरला नाही, किंवा तीन वर्षांहून अधिक काळ त्या जमिनीचा कर कम्यूनलाच भरावा लागला, तर प्रीफेक्ट ती जमीन कम्यूनच्या नावे करू शकतो. २०१३ च्या कायद्याने असे हस्तांतर आणखी सोपे केले आणि नव्या वाडी-जमिनी निर्माण करण्यास बंदी घातली. म्हणजे आहेत त्या राखायच्या, गेल्या त्या गेल्या. ज्या वाडीत दोन-तीन घरे का होईना, पण गुरे पाळून राहिली आहेत, तिथे कुरण वाडीचे राहण्याची आशा आहे. जिथे शेवटचे दार बंद झाले, तिथे कागदावरचा हक्क किती दिवस पुरणार?

जिल्ह्याची हद्द वर बसून आखता येते, ठाणे हलवता येते, दोन गावांचे एक करता येते. सामाईक जमीन मात्र ज्यांची गुरे तिच्यावर चरतात आणि जे तिचा कर वेळेवर भरतात, त्यांच्याच जागरूकतेवर टिकते. लोझेरच्या डोंगरातला हा धडा आपल्याकडेही उपयोगी पडेल. आपल्या गावचे गायरान किती, ते कोणाच्या नावे आहे आणि त्यावर अतिक्रमण तर नाही ना, हे सातबारा काढून एकदा पाहा. पुढच्या ग्रामसभेत तो प्रश्न जरूर विचारा.