शब्दांचें गोत्र : स्पेड

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास 'स्पेड' या शब्दाचा अर्थ विचारावा, तर तो 'कुदळ' किंवा 'फावडें' असें सांगून मोकळा होतो. आम्हांस दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. कुदळ उगारून मारावयाची, फावड्यानें माती आपल्याकडे ओढावयाची. स्पेडचें पातें मात्र सरळ व सपाट असून तें पायानें दाबून मातींत घालतात.

पत्त्यांतील इस्पिकालाहि इंग्रज स्पेडच म्हणतो. पण तो शब्द इटालियन 'स्पादा', म्हणजे तरवार, यापासून आलेला. ग्रीक 'स्पाथे', म्हणजे रुंद पातें, येथपर्यंत मागें गेलें कीं दोघे सगोत्र ठरतात.

खरी मौज आहे ती 'स्पेडला स्पेड म्हणणें' या म्हणीची. आडपडदा न ठेवतां बोलणें, हा तिचा अर्थ. तिचें मूळ प्लूटार्कच्या एका ग्रीक आख्यायिकेंत सांपडतें. ऑलिंथस शहर इ. स. पूर्वी ३४८ मध्यें फितुरीनें मॅसिडोनियाच्या फिलिप राजाच्या हातीं पडलें. पुढें त्या फितुरांपैकीं लास्थेनीसच्या मंडळींनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें कीं, आपलीं माणसें आम्हांस फितूर म्हणतात. फिलिप उत्तरला, आमचे लोक रांगडे. ते काथवटीला काथवटच म्हणावयाचे! ज्यांच्या फितुरीचा लाभ घेतला त्यांना शिवी तर दिली, पण ती प्रजेच्या अडाणीपणाआडून. आडपडदा नको म्हणणाऱ्या म्हणीचा जन्म असा पडद्याआड झाला.

मग काथवटीची स्पेड कशी झाली? ग्रीक 'स्काफे' म्हणजे कोरलेलें लांकडी पात्र, आणि 'स्काफेइऑन' म्हणजे खणण्याचें हत्यार. आमच्या खन् धातूपासून जसें 'खनित्र' आणि 'खात', तसेच हेहि दोन शब्द खणणें या अर्थाच्या एकाच धातूचे. सोळाव्या शतकांत इरॅस्मस पंडितानें लॅटिन भाषांतर करतांना येथेंच गफलत केली असावी. त्यानें पात्राऐवजीं 'लिगो' हा शब्द घातला. लिगो हें हत्यार आपल्या कुदळीच्या बरेंच जवळचें. १५४२ मध्यें निकोलस यूडॉलनें त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करतांना लिगोची स्पेड केली. वस्तूला तिच्याच नांवानें हांक मारा, असें बजावणारी म्हण स्वतःच दोनदां नांव बदलून आली आहे!

अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इस्पिकाच्या काळ्या रंगावरून हाच शब्द कृष्णवर्णीयांस शिवी म्हणून वापरूं लागले. म्हण त्याहून सुमारें चार शतकें जुनी. तिचा या शिवीशीं कांहींएक संबंध नाहीं. तथापि ऐकणाऱ्यास हा इतिहास ठाऊक असतोच असें नाहीं. म्हणून तिकडे शिकावयास जाणाऱ्या मुलांस आम्ही ही म्हण बोलण्यांत टाळावयास सांगतों.