स्वस्तातली कताना कशी पारखावी?

'किल बिल' २००३ साली आला आणि त्यातल्या हत्तोरी हान्झोच्या तलवारीने लोकांना जे वेड लावलं ते अजून उतरलेलं नाही. त्यात आता अ‍ॅनिमेची भर. मग काय, पगार झाला की अमेरिकेतला एखादा मित्र लिंक पाठवतो, "बघ रे, अस्सल कताना, फक्त दीडशे डॉलर! घेऊ का?"

माझं मत विचाराल तर, घे बाबा. पण पात्याचा फोटो बघून घेऊ नकोस. स्वस्त तलवार पात्यावरून नाही, मुठीवरून पारखायची असते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. दीडशे डॉलरात जपानमध्ये घडवलेली तलवार मिळत नाही. तिथे तलवार घडवायला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी परवानाधारक उस्तादाकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते. परवाना मिळाला तरी महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. तामाहागाने हे त्यांचं खास पोलाद शिमाने प्रांतातल्या पारंपरिक भट्टीत बनतं. ती भट्टी १९७७ मध्ये पुन्हा सुरू केली गेली. एवढी उस्तवार म्हटल्यावर किंमत लाखांत जाणारच. आपली दीडशेवाली बहुधा चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या लोंगच्वानहून येते. यात कमीपणा काही नाही, त्या गावाला तलवारींची स्वतःची जुनी परंपरा आहे. प्रश्न एवढाच की तुमचे दीडशे डॉलर नक्की कशावर खर्च झाले?

बहुतेक वेळा दिसण्यावर! जाहिरातीत हमखास दोन गोष्टी असतात. पहिली, 'हजार वेळा घडी घातलेलं पोलाद'. आता आपण इंजिनियर लोक, जरा हिशोब करू. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १०२४, पंधरा घड्यांत ३२,७६८. हजार घड्या म्हणजे २ चा १००० वा घात, दिसणाऱ्या विश्वात तेवढे अणूही नाहीत! जुन्या काळी घड्या घालत कारण भट्टीतून निघालेलं पोलाद एकसारखं नसायचं. ठोकून घडी घातली की मळी बाहेर पडायची आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरायचा. आजचं कारखान्यातलं पोलाद मुळातच एकजीव असतं. त्याला घड्या घालून नक्षी मिळते, ताकद नाही. उलट एखादा थर नीट जुळला नाही तर फटच राहते.

दुसरी गोष्ट हामोन, म्हणजे धारेलगतची ती धुरकट लाटेसारखी रेघ. पात्याला मातीचा लेप लावतात, मणक्याकडे जाड, धारेकडे पातळ. मग तापवून पाणी दिलं की धार कडक होते, मणका तुलनेने मऊ राहतो आणि मधे ही रेघ उमटते. स्वस्त तलवारीवर ती बरेचदा अ‍ॅसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. पातं दिव्याखाली तिरकं धरा. रेघ सगळीकडे एकसारखी, तीच ती लाट कॉपी-पेस्ट केल्यासारखी दिसली तर समजून जा. पण खोटा हामोन म्हणजे वाईट तलवार असं मात्र नाही. पूर्ण पात्याला एकसारखं पाणी दिलेली साधी तलवार वापरायला उत्तम असू शकते. ती वाकली तरी परत सरळ होते. मातीचा लेप दिलेली चुकीच्या घावाने वाकली की वाकडीच राहते.

आता मूठ. सजावटीच्या तलवारींत पात्याला मागे एक बारीक सळई वेल्ड केलेली असते आणि टोकाला नट. जोरात फिरवली की वेल्ड तुटतो आणि पातं खोलीभर उडतं. समोर कोण उभं आहे हे पातं बघत नाही. धड तलवारीत पात्याचाच रुंद भाग मुठीत बराच खोल जातो आणि लाकडातून आरपार गेलेली बांबूची खुंटी, मेकुगी, त्याला धरून ठेवते. सगळ्या तलवारीतला हा सगळ्यात स्वस्त भाग आणि तुमच्या शेजाऱ्याचा जीव त्याच्यावर! खुंटी ठोकून बाहेर काढता आली पाहिजे, मूठ उतरली पाहिजे. सगळं गोंदाने चिकटवलं असेल तर विक्रेत्याने सोर्स कोड लपवलाय असं समजा. तलवार हलवून बघा, खडखड आवाज आला तर परत पाठवा. मणक्यावरून एका डोळ्याने बघा, पातं सरळ आहे ना?

पोलादाचे आकडे वाचायला सोपे आहेत. १०४५ म्हणजे साधारण ०.४५ टक्के कार्बन, १०६० म्हणजे ०.६०, १०९५ म्हणजे ०.९५. पण मोठा आकडा म्हणजे चांगली तलवार नव्हे. कार्बन वाढला की पाणी देण्यातली चूक जास्त महागात पडते. नीट पाणी दिलेलं १०६० हे वाईट पाणी दिलेल्या १०९५ पेक्षा कधीही बरं. ४४० स्टेनलेस असेल तर भिंतीवर टांगा आणि विषय संपवा. स्वयंपाकघरातल्या सुरीला स्टेनलेस छान, एवढ्या लांब पात्यात ते ठिसूळ ठरतं. शिवाय कार्बन पोलाद गंजतं, आजीच्या विळीसारखं पुसून ठेवावं लागतं. या पात्याला वर तेलाचा हातही लागतो.

आणि ते कागद कापून दाखवणारे व्हिडिओ? कागद चांगल्या ब्लेडनेही कापला जातो. त्यातून धार कळते, पाणी कळत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कशाला, शोभेलाच तर हवी आहे. मग शोभेचीच घ्या, पण ती कधी फिरवू नका आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. इआइदो शिकायचं असेल तर जस्त-अ‍ॅल्युमिनियमची बिनधारेची इआइतो मिळते, ती घ्या. कशावर आपटू मात्र नका. भारतात मागवत असाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच आहे, आधी पोलिसांकडे चौकशी करा.

असो. पुढच्या वेळी लिंक पाठवण्याआधी विक्रेत्याला एकच मेल टाका: 'मूठ उतरवलेल्या तलवारीचा फोटो पाठवा.' आला तर मला दाखवा, मिळून बघू. नाही आला तर ते दीडशे डॉलर एखाद्या चांगल्या सुरीवर खर्च करा, रोज वापरली तरी जाईल.