संगणक जात विचारत नाही, पण नेमणूक?

संगणकीय रसायनशास्त्राचा आणि जातीचा काय संबंध, असे आम्हाला विचारले जाते. ना परीक्षानळी, ना महागडी रसायने. रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतील हे समीकरणे मांडून संगणकावर काढायचे. क्वांटम एस्प्रेसोसारखी सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. मग अडवले कोणी?

या शाखेचा इतिहासच बघा. वॉल्टर कोन हे व्हिएन्नाचे ज्यू. नाझींमुळे १९३९ साली पोरवयात इंग्लंडला आले. मागे राहिलेले आई-वडील ऑशविट्झला मारले गेले. इंग्रजांनी या पोरालाच 'शत्रू देशाचा नागरिक' ठरवून कैदेत टाकले आणि कॅनडाला धाडले. पुढे टोरांटो विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल ठेवायला मनाई! तिथे युद्धाचे संशोधन चालू होते. कोन गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. त्याच माणसाला १९९८ साली जॉन पोपल यांच्यासोबत नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. १९६४-६५ साली त्यांनी होहेनबर्ग आणि शॅम यांच्यासह मांडलेल्या सिद्धांतावर आज या शाखेचा मोठा भाग उभा आहे.

कोन यांच्यावरची बंदी युद्धापुरती होती. १९६० पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत प्राध्यापक होते. हक्काची जागा, पगार आणि विद्यार्थी मिळाले, तेव्हा प्रतिभेला वाव मिळाला. 'मेरिट'वाले नेमके हेच सांगत नाहीत.

आपल्याकडे नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. पीएचडीला पाच-सहा वर्षे. त्यानंतर पोस्टडॉक, बहुधा परदेशात, तेही एक-दोन वर्षांच्या कंत्राटावर. घरातला पहिला पदवीधर पस्तिशीपर्यंत असा लटकत राहू शकतो का? बापाच्या नावावर शेतीसुद्धा नसते. एवढे करून मुलाखतीला गेला की राखीव जागेवर शेरा पडतो, 'योग्य उमेदवार आढळला नाही'.

काही ठिकाणी तर शेऱ्याचीही गरज नाही. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ ने मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र अशा संस्थांना 'उत्कृष्टते'च्या नावाखाली वगळले आहे. जिथे विज्ञान घडते, तिथल्या शिक्षकांच्या जागांना हा कायदा लागूच नाही! उत्कृष्टता आणि आमची माणसे एका खोलीत बसू शकत नाहीत, असे संसदेला वाटते काय?

आपल्या चळवळीलाही विचारायला हवे. वस्तीतला मुलगा बीएस्सीला पहिला आला की आपण त्याच्या हातात एमपीएससीची पुस्तके देतो. तहसीलदार व्हावेच, पण रेणूंचे गणित करणारा प्राध्यापकही आपल्यातून नको का? तो वर्गात उभा राहिला की मागच्या बाकावरच्या आपल्या मुलीला कोणाकडे शंका विचारायची, हा प्रश्न पडत नाही.

येत्या १४ एप्रिलच्या मागणीपत्रात शिष्यवृत्ती वेळेवर द्या या मागणीच्या शेजारीच 'कलम ४ मधील ही सूट रद्द करा' ही ओळ आम्ही घालणार आहोत. आणि अभ्यासिकेतले दोन जुने संगणक बीएस्सीच्या मुलामुलींना लिनक्स शिकायला रविवारी मोकळे ठेवणार आहोत.