राजापूर तालुक्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रशिक्षण केंद्र सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मार्फत : मा. तहसीलदार, राजापूर, जि. रत्नागिरी

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी यांचे निवासी ग्रामीण प्रशिक्षण केंद्र राजापूर तालुक्यात सुरू करणेबाबत.

महोदय,

पणजीचे वैद्यकीय महाविद्यालय 1842 मध्ये आणि मुंबईचे 1845 मध्ये सुरू झाले. या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही राहतो. तरीही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सिंधुदुर्गला 2021 मध्ये आणि रत्नागिरीला 2023 मध्ये मिळाले. तोवर डोंगराकडच्या माणसाने उपचारासाठी कोल्हापूर गाठायचे आणि बाकीच्यांनी रत्नागिरी, मुंबई किंवा गोव्यातले बांबोळी. रत्नागिरीच्या महाविद्यालयाबद्दल आम्ही शासनाचे मनापासून आभारी आहोत. आता ते राजापुरापर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

राजापूरहून रत्नागिरी 60-65 किलोमीटर. ओणी, लांजा, पाली, हातखंबा असे करत गाडी जाते. पाचल-रायपाटणकडच्या वाड्यांना त्याआधी ओणीपर्यंत यावे लागते. अणुस्कुरा घाटात पावसाळ्यात दरड आली की कोल्हापूरची वाट बंद होते. अडलेल्या बाळंतिणीला रात्री ‘पुढे न्या’ म्हटले जाते, ते बहुधा भूलतज्ज्ञ नसतो म्हणून.

दुसरी गोष्ट शिक्षणाची आहे. लावणीच्या चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला होणारा लेप्टोस्पायरोसिस, कातळावरचे फुरसे, विंचू हे आमचे नेहमीचे आजार आणि अपघात. फुरसे चावले असेल तर रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनले आहे असे समजून प्रतिसर्पविष सुरू करतात. याला मोठे यंत्र लागत नाही, लागतो शिकलेला हात. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि तो ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात जगापुढे मांडला. कोकणातल्या खेड्यात वैद्यकशास्त्र शिकता येते आणि घडवताही येते, याला याहून वेगळा पुरावा नको.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, महाविद्यालयाच्या नियमित ग्रामीण प्रशिक्षण केंद्राखेरीज एक निवासी केंद्र राजापूर तालुक्यात मंजूर करावे. आंतरवासितेत समाजवैद्यकशास्त्राचे 12 आठवडे असतात. ते तुकड्या-तुकड्यांनी येथे झाले, तर वर्षभर तरुण डॉक्टर तालुक्यात राहतील. मात्र त्यांच्यासोबत शिकवणारे अध्यापकही हवेत. नुसते विद्यार्थी पाठवून रिकाम्या जागा भरल्यासारखे दाखवू नये, ही आमची कळकळीची विनंती. प्रसूती, बालरोग आणि भूलशास्त्र या विभागांच्या अध्यापकांनी ठरलेल्या वारी येथे बाह्यरुग्ण विभाग चालवावा आणि तो वार चुकू नये.

2023 ची पहिली तुकडी 2028 च्या सुरुवातीस आंतरवासितेला येईल. तोवर निवासस्थाने उभी राहिली पाहिजेत. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या मुलीला पाणी, वीज, आतून बंद होणारे दार आणि वाटेवर दिवा हवा. एवढे नसेल, तर कोणताही पालक आपली लेक येथे ठेवणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही.

महाविद्यालयातील अध्यापकांची पदे कायमस्वरूपी भरावीत. पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करताना भूलशास्त्र व प्रसूतिशास्त्र यांना प्राधान्य द्यावे, कारण रात्रीचा प्रसूतिकक्ष निवासी डॉक्टरांच्याच जिवावर चालतो.

याबाबत घेतलेला निर्णय व त्याची कालमर्यादा आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
राजापूर तालुक्यातील ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी