बीजारोपणापूर्वी क्षेत्रपरीक्षा

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबु आणि बीज हे चार घटक सांगितले. वंध्यत्वाची चिकित्सा करताना क्षेत्राची परीक्षा मात्र आपल्याकडून पुष्कळदा राहून जाते. ही चूक माझ्याकडूनही घडली आहे.

भोकर तालुक्यातील एका भगिनीस मी आठ महिने फलघृत दिले. पुढे एचएसजी तपासणीत दोन्ही गर्भनलिका टोकाशी बंद होऊन द्रवाने फुगल्याचे, म्हणजेच हायड्रोसाल्पिंक्सचे, निदान झाले. नांदेडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आयव्हीएफ सुचविले. परंतु त्याआधी नलिका काढण्यास सांगितले. "डॉक्टरसाहेब, नळ्याच काढल्यावर लेकरू कसं व्हावं?" असे तिने मला विचारले.

प्रश्न रास्त होता. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ज्या तंत्राने बालक जन्मले, त्यात गर्भ शरीराबाहेर तयार होऊन थेट गर्भाशयात ठेवला जातो. मग नलिका आड का यावी? कारण, फुगलेल्या नलिकेतील द्रव गर्भाशयात पाझरतो व गर्भ रुजण्यात अडथळा आणतो. अशा रुग्णांत आयव्हीएफचे यश जवळपास निम्म्यावर येते. दुर्बिणीद्वारे नलिका काढल्यास अथवा गर्भाशयाजवळ बंद केल्यास ते सुधारते. मात्र त्यानंतर नैसर्गिक गर्भधारणेचा मार्ग उरत नाही. म्हणून दांपत्याने पूर्ण समजूनच संमती द्यावी. गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेल्या फायब्रॉइडचा व पॉलिपचाही विचार आधीच व्हावा.

तथापि प्रत्येक शस्त्रक्रिया हितावह नव्हे. बीजकोशावरील चॉकलेट सिस्ट सरसकट काढल्यास बीजसाठाच घटण्याचा संभव असतो.

माझे नम्र मत असे की, उत्तरबस्तीपूर्वी पतीची वीर्यतपासणी, पत्नीची सोनोग्राफी व एचएसजी झालीच पाहिजे. गर्भाशयाच्या क्षयाची शंका असल्यास त्याचा शोध घ्यावा. जंतुसंसर्ग असताना उत्तरबस्ती देऊ नये. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक वाट पाहू नये. औषधी विक्रेते बंधूंनीही वारंवार फलघृत नेणाऱ्या दांपत्यास 'तपासणी झाली का?' एवढे अवश्य विचारावे.

त्या भगिनीस मी शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला. तिचे गेलेले आठ महिने मात्र मला परत देता आले नाहीत.