विश्लेषण : भाजलेल्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर गालातून लाळ का झिरपते?

अ‍ॅसिड हल्ल्यात किंवा स्टोव्हच्या भडक्यात चेहरा भाजला, की त्वचारोपण आणि आखडलेले व्रण मोकळे करण्याच्या शस्त्रक्रिया अनेकदा काही वर्षे चालतात. अशा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर गाल सुजतो, टाक्यांतून पाणी येऊ लागते. घरच्यांना वाटते, जखम चिघळली. पण हे पाणी जेवताना वाढत असेल, तर ते पू नसून लाळ असू शकते.

लाळ गालात येते कुठून?

कानाच्या पुढे आणि खाली लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी असते. गालगुंड होतात तेव्हा सुजते ती हीच. तिची सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर लांबीची नळी गालातून जाऊन वरच्या दाढांजवळ तोंडात उघडते. खोलवर भाजलेल्या गालात त्वचा, चरबी आणि स्नायूंचे थर व्रणामुळे एकमेकांना चिकटतात. ते सोडवताना ग्रंथीला किंवा नळीला इजा झाली, तर लाळ त्वचेखाली साचते किंवा बाहेर वाट काढते. कधी व्रणच नळीला आवळतो. मग घास घेतला की गाल फुगतो आणि ठणकतो.

सुईने काढलेल्या द्रवात अमायलेज हे विकर भरपूर आढळले, की निदान पक्के होते. नुसत्या अँटिबायोटिकने लाळ थांबत नाही. साचलेली लाळ काढणे, दाबपट्टी बांधणे, लाळ कमी करणारी औषधे आणि गरज पडल्यास बोटॉक्सचे इंजेक्शन, एवढ्याने बहुतेक रुग्ण बरे होतात. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेची घाई डॉक्टर टाळतात.

खर्च कोणाचा?

लक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाख रुपये भरपाई ठरवली. त्यातले १ लाख १५ दिवसांत आणि उरलेले पुढच्या दोन महिन्यांत द्यायचे होते. लाळेचा त्रास मात्र तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेनंतरही उद्भवू शकतो, तेव्हा ही रक्कम कधीच संपलेली असते. म्हणून याच खटल्यातला २०१५ चा आदेश अधिक कामाचा. खासगी रुग्णालयांनीही औषधे आणि पुनर्रचना शस्त्रक्रियांसह पूर्ण उपचार मोफत द्यावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

स्टोव्ह किंवा गॅसच्या भडक्यात भाजलेल्यांना मात्र हा आदेश लागू होत नाही. त्यांची ग्रंथी, नळी आणि व्रण तेच असले तरी.