मी घरमालक, पान पाहुणा

मंडळी, भाचा म्हणतो, "मामा, ब्राउझरची ती बंदी उठवा!" मी साफ नकार दिला.

मी हौसेने केलेले धड्यांचे पान शेजारच्या फाइली वाचेना, म्हणून हा सल्ला. फाइल, कोलन आणि तीन तिरक्या रेघा (दुसरी-तिसरीमधली जागा संगणकाच्या नावाची, आपलाच, म्हणून रिकामी) टंकून पुढे पत्ता दिला की फोल्डर मला दिसतो. मग पानाला का नाही?

अहो, पान मी लिहिले की भामट्याने, हे ब्राउझरला कसे कळावे? २०१९ पर्यंत फायरफॉक्स पानाला त्याच्याच फोल्डरातल्या फाइली वाचू देई. म्हणजे मेलमधून उतरवलेल्या लबाड पानाला शेजारची पेन्शनची कागदपत्रे उघडी! ६८व्या आवृत्तीत ते दार लागले. भाचा त्याला जाच म्हणतो. खुशाल म्हणो.

धडे मी एकेक करून पानातच चिकटवले. दोन दुपारी गेल्या, जाऊ देत.